वाट अडवणारा कायदा आणि वाट देणारा कायदा

पोस्ट लांब आहे. रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा. पण शेती करत असाल, किंवा पुण्या-मुंबईत राहत असाल आणि गावाकडे सातबाऱ्यावर अजून नाव असेल, तर वाचाच.

गेल्या पाच-सहा वर्षांत आपल्या तालुक्यात एक पाटी फार वाढली आहे. "खासगी मालमत्ता. विनापरवाना प्रवेश करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल." पूर्वी ही बंगल्याच्या गेटवर दिसायची. आता माळावर, ओढ्याकाठी, जिथं तारेच्या आत नुसतं कुसळ उगवलंय तिथंही दिसते. पाट्या रंगवणाऱ्या आमच्या मित्राकडे ती तयारच असते, 'कुत्र्यापासून सावध राहा'च्या शेजारी टेकवलेली. आणि कुठं तरी ती लागली की महिन्या-दोन महिन्यांत मला फोन येतो, "दादा, आमची वाट बंद केली. असं करता येतं का?" कधी दुसऱ्या बाजूचाही येतो, "साहेब, पोरं आत घुसून आंबे पाडतात, दारू पिऊन बाटल्या फोडून जातात. आम्ही तार पण लावायची नाही का?" दोघंही खरंच बोलत असतात.

या दोघांसाठीही आपल्याकडे कायदा आहे आणि तो कालचा नाही. एक अडवणारा, एक वाट देणारा. दोन्ही शंभर-दीडशे वर्षांचे. फरक एवढाच की अडवणाऱ्या कायद्याची पाटी मिळते म्हणून तो सगळ्यांना तोंडपाठ आहे. वाट देणाऱ्याची पाटी नसते, त्याला कागद लागतो आणि त्याला मुदत असते. ती मुदत बहुतेकांना संपल्यावर कळते. व्हॉट्सॲपवर या विषयावर जे फिरतं त्यातलं निम्मं चुकीचं आहे, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

इंग्रजांच्या आधी 'दुसऱ्याच्या रानात जाणं' हा प्रश्न बारा महिने सारखा नसायचा. पीक उभं असलं की रान बंद. राखणदार असायचा, गोफण असायची. काढणी झाली, खळं उठलं की तेच रान उघडं. गावची गुरं धसकटात फिरायची, त्यात कुणाला गैर वाटत नसे. धनगरांची मेंढरं रानात 'बसवायला' तर शेतकरी स्वतः बोलावणं धाडायचा आणि वर धान्य द्यायचा, कारण एका रात्रीत लेंड्या-मुताचं खत मिळायचं. म्हणजे जमीन एकाची, पण तिच्यावर पाय टाकायचा हक्क हंगामाप्रमाणे बदलायचा. गावच्या शिवेचा वाद झाला तर शीव कुठून जाते हे सांगायचा मान महाराचा. शिवेवर त्याचा शब्द पुरावा धरला जायचा.

पण म्हणून 'जुनं ते सोनं' म्हणत कुणी टाळ्या वाजवू नयेत. ज्याच्या शब्दावर अख्ख्या गावाची हद्द ठरायची, त्याला त्याच गावच्या पाणवठ्यावर जायला बंदी होती. कुणी कुठं पाऊल टाकायचं हे आपल्याकडे जमिनीच्या मालकीवर ठरायच्या आधी जातीवर ठरत होतं. याचं पुढं कोर्टात काय झालं तेही सांगतो, कारण ती गोष्ट या विषयात हवीच.

इंग्रज आले आणि त्यांनी मोजणी आणली. १८३०-४० च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी पद्धत बसवली, ती हळूहळू मुंबई इलाख्यात पसरली. प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर, कोपऱ्यावर हद्दीचा दगड, मध्ये बांध. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ भाग, म्हणून १६ आणे. आपण आजही ज्याला गुंठा म्हणतो तो म्हणजे ही साखळी लांबीला एक आणि रुंदीला एक, १०८९ चौरस फूट. प्लॉट विकणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे, देव जाणे.

या मोजणीतून गावचा नकाशा आला, आणि नकाशात वाटाही आल्या. हे नीट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. गाडीवाट तुटक दुहेरी रेषेनं दाखवली, पायवाट तुटक एकेरी रेषेनं. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरतात, गाडीमार्गाची साडेसोळा फुटांपासून पुढं. हे विचित्र आकडे कुठून आले? साखळीतून. चार आणे साखळी म्हणजे सव्वाआठ फूट, आठ आणे म्हणजे साडेसोळा. मोजणी करणाऱ्या साहेबानं जमिनीचे तुकडे पाडताना वाटा विसरल्या नव्हत्या. विसरलो ते आपण, नंतर.

आता अडवणाऱ्या कायद्याकडे येऊ. त्याचं गावातलं सगळ्यात ठळक रूप म्हणजे कोंडवाडा. पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, कोंडवाड्याची एक तरी गोष्ट निघेल. गुरांच्या अतिक्रमणाचा पहिला कायदा १८५७ चा. देशभर बंडाची धामधूम होती ते वर्ष, आणि सरकार दुसऱ्याच्या शेतात गेलेल्या म्हशीचा बंदोबस्त कागदावर करत होतं. मग १८७१ चा कायदा आला, सालातला पहिलाच. आपले कोंडवाडे चालले ते याच कायद्यावर. पुढं ते ग्रामपंचायती आणि नगरपालिकांकडे आले.

कायद्याची रचना बघा. तुमच्या पिकात जनावर शिरलं तर ते तुम्ही स्वतः धरू शकता, चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचं. मालकानं दंड आणि वैरणीचा खर्च भरायचा आणि जनावर सोडवून न्यायचं. कुणी आलंच नाही तर नोटीस काढून लिलाव. इथपर्यंत ठीक आहे, पिकाचं नुकसान कुणी का सोसावं? पण पुढची दोन कलमं शेजारी शेजारी ठेवून वाचा. धरलेलं जनावर मालकानं जबरदस्तीनं सोडवलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. उलट ज्यानं जनावर खोटंच, पिकात गेलेलं नसताना धरून कोंडलं, त्याच्यावर मालकाला दहा दिवसांत तक्रार करावी लागणार, आणि भरपाई? जास्तीत जास्त शंभर रुपये, आणि भरलेला दंड-खर्च परत. कैद नाही. ज्याच्याकडे रान त्याच्याकडे कायदा झुकलेला, आणि ज्याच्याकडे फक्त चार शेळ्या त्यानं धावाधाव करायची. गावात कुणाची गुरं कोंडवाड्यात जातात आणि कुणाची धरायची कुणाची हिंमत होत नाही, हे तर सांगायलाच नको.

याच सुमाराला जंगलांचं झालं. १८७८ च्या जंगल कायद्यानं राखीव जंगलं झाली. कालपर्यंत ज्या डोंगरावर गुरं चरत होती तिथं आज गुरं दिसली की गुन्हा. जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये १८८३ साली जंगल खात्यावर जे तुटून पडतात ते यासाठी. डोंगर गेले, गायरानं गेली, चारायचं कुठं? आणि गंमत अशी की १९२७ च्या जंगल कायद्यानं, जो अजून चालू आहे, राखीव जंगलातलं गुरू हे कोंडवाड्याच्याच कायद्याला जोडून टाकलं, फक्त दंड वाढवायची मुभा सरकारला दिली. त्या कलमातला दर वाचण्यासारखा आहे. हत्तीला दहा रुपयांपर्यंत, म्हैस किंवा उंटाला दोन, गाय-बैल-घोड्याला एक, आणि वासरू, गाढव, डुक्कर, मेंढी, शेळीला आठ आणे. आपल्या भागात हत्ती कोण चारत होतं माहीत नाही, पण आठ आण्यांचा शेळीवाला मात्र गावोगाव होता.

मग १९३० साली लोकांनी काय केलं? समुद्रापासून लांब असलेल्या आपल्या लोकांना मीठ उचलणं शक्य नव्हतं. त्यांनी गवत कापलं. १० जुलै १९३० रोजी पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलात शिरून गवत कापलं आणि अटक करून घेतली. सांगली जिल्ह्यातलं बिळाशी, रायगडातलं उरणजवळचं चिरनेर ही नावं त्याच वर्षाची. चिरनेरला २५ सप्टेंबरला गोळीबार झाला, माणसं गेली. शाळेत आपण याला 'जंगल सत्याग्रह' म्हणून दोन मार्कांसाठी पाठ केलं. मी त्याकडे असं बघतो: 'आत येऊ नका' या पाटीविरुद्ध झालेलं ते महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं आंदोलन होतं.

सगळ्यात मोठं म्हटलं, पण सगळ्यात खोलवर गेलेलं आंदोलन त्याच्या तीन वर्षं आधीचं आहे, महाडचं. ते आपण समतेचा लढा म्हणून ओळखतो आणि तो होताच. पण ते कोर्टात कसं गेलं हे फार कमी लोकांना माहीत असतं.

१९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या कराव्यात. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तेव्हा विरोधकांनी काठी बाजूला ठेवून दिवाणी दावा उचलला. १२ डिसेंबरला महाडच्या कोर्टात दावा दाखल झाला आणि त्यात म्हणणं काय होतं? की हे तळं सार्वजनिक नाहीच, ते खासगी मालमत्ता आहे. 'चवदार' नव्हे, 'चौधरी तळे'. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला.

विचार करा. शेकडो वर्षं कुणी त्या तळ्याची मालकी सांगितली नव्हती. गावची गुरं तिथं पाणी पीत होती. ठराविक माणसं काठावर आल्यावर ते तळं एकाएकी खासगी झालं.

आणखी एक तपशील. त्या डिसेंबरच्या परिषदेला मांडव घालायला महाडात जागा मिळेना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुस्लीम गृहस्थांनी आपली जागा दिली. एका बाजूला सार्वजनिक तळ्याला खासगी म्हणणारे, दुसऱ्या बाजूला आपली खरीखुरी खासगी जागा लोकांना उघडी करून देणारा एक माणूस. आंबेडकरांनी मनाई हुकूम मोडला नाही, कोर्टात लढले. दहा वर्षं लढले. मालकीचा दावा खालच्या कोर्टातच टिकला नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं फैसला दिला, की अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवायची फार प्राचीन प्रथा असल्याचंही सिद्ध होत नाही. महाडला गेलात तर तळं बघालच. ते पाणी 'खासगी' आहे की नाही हे ठरायला दहा वर्षं लागली, हेही तिथं उभं राहून आठवा.

हे सांगितलं ते एवढ्यासाठी, की 'खासगी मालमत्ता' हे दोन शब्द आले की आपण लगेच मान डोलावतो. मान डोलवायच्या आधी विचारावं की ही कधीपासून खासगी आणि कोणत्या कागदानं.

आता पाटीवरच्या 'कायदेशीर कारवाई'चं बघू. भारतीय दंड संहिता १८६० ची, लागू झाली १ जानेवारी १८६२ पासून. त्यातलं कलम ४४१, फौजदारीपात्र अतिक्रमण. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम ३२९ झालं आहे. शिक्षा तीच, तीन महिन्यांपर्यंत कैद, फक्त दंडाची मर्यादा पाचशेवरून पाच हजारांवर गेली. घरात घुसल्यास एक वर्षापर्यंत कैद. आणि व्याख्या? दीडशे वर्षांत फारशी हललेली नाही. दुसऱ्याच्या कब्जातल्या जागेत गुन्हा करायच्या, किंवा कब्जेदाराला धमकवायच्या, अपमान करायच्या, त्रास द्यायच्या इराद्यानं शिरणं, किंवा रीतसर आत येऊन अशा इराद्यानं तिथंच ठाण मांडणं. इरादा या शब्दावर सगळं आहे. माझ्या रानातून तुम्ही शॉर्टकट मारला, एवढ्यावर फौजदारी गुन्हा होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं मथरी विरुद्ध पंजाब राज्य या १९६४ सालच्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं, की आपल्या जाण्यानं समोरच्याला त्रास होईल हे नुसतं माहीत असणं पुरेसं नाही, त्रास देणं हा जाण्याचा हेतू असला पाहिजे.

म्हणजे मालक असहाय आहे का? नाही. दिवाणी कोर्टात मनाई मागता येते, नुकसानभरपाई मागता येते. आंबे पाडले तर चोरी आहे, बाटल्या फोडून नासधूस केली तर त्याचं वेगळं कलम आहे. आपल्या राज्याचा १९५१ चा पोलीस कायदा आहे, त्यात घरात, आवारात किंवा त्याला लागून असलेल्या जागेत योग्य कारण नसताना जाणूनबुजून शिरणं, नुकसान झालेलं असो वा नसो, दंडनीय आहे. त्यामुळे ज्या साहेबांचा फार्महाऊसवर पोरं येतात म्हणून फोन आला होता, त्यांच्या हातात पुरेसं आहे. पण उघड्या रानातून पाणी पाजायला बैल नेणाऱ्यावर 'कारवाई करण्यात येईल' हे जे पाटीवर लिहिलंय, ते बहुतांशी रंगाचं काम आहे. मूळ इंग्रजी पाटीचं आपण भाषांतर केलं. खुद्द इंग्लंडात तिथले वकील त्या पाटीला लाकडावर लिहिलेली थाप म्हणत आले.

इथं एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. 'माझी जागा, मी काहीही करीन' म्हणून तारेत करंट सोडणारे आपल्याकडे आहेत. रानडुकरांसाठी सोडतात, हे कबूल. डुकरं पीक लोळवतात, एका रात्रीत मक्याचं वाटोळं होतं, वनखात्याची भरपाई वेळेवर मिळत नाही, सगळं कबूल. पण त्या तारेला माणूस चिकटला तर सदोष मनुष्यवधापर्यंत गुन्हा जातो आणि 'तो माझ्या शेतात का आला' हे उत्तर तिथं चालत नाही. पहाटे पाण्याच्या पाळीला जाणारा शेजारचाच पोरगा असतो बऱ्याचदा.

दुसरी गोष्ट: कायदा जपतो तो कब्जा. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून दुसऱ्याच्या ताब्यातल्या रानात ट्रॅक्टर घालायचा हक्क मिळत नाही. ज्याला असं उठवलं त्याला सहा महिन्यांच्या आत कोर्टातून ताबा परत मागता येतो, मालकी कुणाची हा वाद नंतर.

आता वाट देणारा कायदा. याचे तीन मजले आहेत.

जुना मजला म्हणजे १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा, आपल्या मुंबई इलाख्यात १८९१ पासून लागू. त्याला आपण वहिवाट म्हणतो. वीस वर्षं उघडपणे, कुणाच्या मेहेरबानीनं नाही तर हक्कानं, अडथळा न येता ज्या वाटेनं गेलात, ती तुमची. जमिनीची नाही हं, जाण्याची मालकी. आणि भावाभावांत वाटण्या होऊन मधल्याचं रान चहूबाजूंनी कोंडलं गेलं, तर त्याला जायला वाट द्यावीच लागते, तिथं वीस वर्षांचीही अट नाही. पण हे सगळं दिवाणी कोर्टात. दिवाणी म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, दावा बाप लावतो आणि निकाल नातू ऐकतो.

म्हणून मधला मजला. मामलेदार न्यायालयाचा कायदा, १९०६ चा, त्याच्याही आधी १८७६ चा, आणि त्याच्याही आधी १८६४ चा. तहसीलदाराला कोर्टाचे अधिकार. पूर्वापार चालत आलेली शेताची वाट कुणी अडवली तर तहसीलदार ती मोकळी करायला लावू शकतो आणि पुन्हा अडवू नका असा मनाई हुकूम देऊ शकतो. वकील लावलाच पाहिजे असं नाही. फक्त अट एक: अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज. ही ती मुदत. आपल्याकडे काय होतं? वाट अडते. पहिला महिना समजूत काढण्यात जातो. मग पाव्हणेरावळे, मग तंटामुक्ती समिती, मग निवडणूक लागते, मग 'सुगी होऊ द्या'. सातव्या महिन्यात माणूस तहसीलला जातो आणि त्याला सांगतात, उशीर झाला.

तिसरा मजला, १९६६ चा जमीन महसूल संहिता, कलम १४३. इथं जुनी वाट नसली तरी चालतं. आपल्या शेतात जायला रस्ताच नसेल तर दुसऱ्यांच्या बांधावरून वाट मिळावी म्हणून तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, सहा महिन्यांची अट नाही. शेतकऱ्याला शेतात वाजवी पोच मिळाली पाहिजे, हे लक्षात घेऊन निर्णय द्यायचा असं कलमातच आहे. विदर्भातले वाचक 'वाजिब-उल-अर्ज' आणि 'निस्तार पत्रक' हे शब्द ओळखतील, तिकडं वाटेच्या नि चराईच्या रिवाजाची नोंद त्यात सापडते. शोधून बघा.

मग एवढं सगळं असून वाटा गेल्या कुठं? माझ्या मते एक मोठं भगदाड १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर पडलं. हेतू चांगला होता, विखुरलेले तुकडे एकत्र करायचे. सर्व्हे नंबरांचे गट झाले, नवे गट नकाशे आले. जुन्या गाव नकाशावरच्या तुटक रेषा बऱ्याच गावांत नव्या कागदावर उतरल्याच नाहीत. लोक जुन्याच वाटेनं जात राहिले म्हणून कुणाला फरक पडला नाही. जोवर विकणारा आणि घेणारा दोघंही गावातलेच होते, तोवर वाट सगळ्यांच्या डोक्यात होती. जमीन बाहेरच्यानं घेतली की तो कागद बघतो. कागदावर वाट नाही. त्याचा तरी काय दोष?

आणि रुंदीचं आहेच. सव्वाआठ फुटांत माणूस जातो, बैल जातो, डोक्यावर भारा घेतलेली बाई जाते. उसानं भरलेली डबल ट्रॉली जात नाही. मळणीचं मशीन जात नाही. म्हणजे जुनी वाट सिद्ध केली तरी ऊस फडातच. २०२१ पासून मातोश्री पाणंद रस्ते योजना आली, रोजगार हमीतून पाणंदी करायची. मे २०२५ मध्ये महसूल विभागानं निर्णय काढला, की शेतरस्ता शक्यतो किमान तीन ते चार मीटरचा द्यावा, अर्ज नव्वद दिवसांत निकाली काढावा आणि रस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यावी. या शेवटच्या ओळीला मी सगळ्यात जास्त मार्क देईन. रस्ता उद्या पावसात वाहून गेला तरी नोंद राहते, आणि जमीन दहा वेळा विकली तरी घेणाऱ्याला ती दिसते.

आपल्याच तालुक्यातलं एक प्रकरण सांगून थांबतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, माणसांना पुढं एकाच शिवारात नांदायचंय. ओढ्यापलीकडं सात-आठ घरांची रानं आहेत. जाणारी वाट एका मोठ्या गटातून. तो गट दोनदा विकला गेला, शेवटच्या मालकानं फेब्रुवारीत चारी बाजूंनी तार ओढली आणि पाटी लावली. तो शहरातला माणूस, बोलायला सभ्य. विकणाऱ्यानं त्याला रस्ता नाही म्हणून सांगितलं होतं, आणि खरेदीखतात 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण' सगळं आलंय, पण वाटेचा उल्लेख नाही. पोलिसांनी 'दिवाणी स्वरूपाचं आहे' म्हणून परत पाठवलं. भूमी अभिलेखच्या कार्यालयातून जुन्या गाव नकाशाची नक्कल काढली, त्यावर तुटक एकेरी रेषा आहे. तारेच्या बरोबर मधून जाते.

त्या लोकांचे मला मे महिन्यात फोन सुरू झाले. तेव्हापासून तीन बैठका झाल्या, तिन्हीत चहा झाला. मामलेदार कोर्टाचा अर्ज लिहून तयार आहे, सोबत नकाशाची नक्कल आहे, पण दोन घरांच्या सह्या अडल्यात, कारण विकणारा त्यांचा सोयरा. बाकीच्यांनी आपल्या सह्यांवर अर्ज द्यावा, सगळ्यांच्या सह्या लागत नाहीत, हे मी त्यांना परवाच सांगितलं. सहा महिने ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात संपतात. ऊस नोव्हेंबरात तुटायचा आहे.

तुमच्या गावच्या नकाशावर अशी तुटक रेषा असेल आणि जागेवर तार असेल, तर कमेंटमध्ये गट नंबर लिहू नका, मला मेसेज करा. तार कुठल्या महिन्यात लागली तेवढं मात्र नक्की लिहा.